फोनमध्ये हे कोण राहतंय?

परवा आत्याचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "अरे, माझ्या मोबाइलमध्ये कोणीतरी घुसलंय बघ, सेटिंगमध्ये असली असली नावं आहेत की मी आयुष्यात कधी टाकली नाहीत." संध्याकाळी गेलो तर तिने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर यादीच करून ठेवलेली, वेबव्ह्यू, कॅरिअर सर्व्हिसेस, सेफ्टीकोअर, सिम टूलकिट. गंमत म्हणजे त्याच फोनच्या लॉकस्क्रीनवर रोज एक नवी जाहिरात नाचत होती आणि ती मात्र यादीत नव्हती, कारण तिची आत्याला सवय झाली होती.

आता ही विचित्र नावाची मंडळी म्हणजे आपण समजतो तशी अ‍ॅप नसतातच. बहुतेकांना आयकॉन नसतो, उघडायला गेलं तर उघडत नाहीत, ती दुसऱ्या अ‍ॅपना लागणारे सुटे भाग आहेत. वेबव्ह्यूचंच घ्या. एखाद्या अ‍ॅपमध्ये पैसे भरताना बँकेचं ओटीपीचं पान त्या अ‍ॅपच्या आतच उघडतं ना, ते बहुतेक वेळा वेबव्ह्यू उघडतो, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपवाल्याने स्वतःचा ब्राउझर बनवत बसायला नको. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून तो प्ले स्टोअरमधून वेगळा अपडेट व्हायला लागला, कारण ब्राउझरमधलं सुरक्षेचं भोक बुजवायला अख्ख्या सिस्टीमच्या अपडेटची वाट बघणं परवडत नाही, आणि ते अपडेट काही फोनना येतच नाही हे आपल्याला माहितीये. हा भाग किती ठिकाणी लागतो ते मार्च २०२१ मध्ये कळलं, त्याचं एक गंडलेलं अपडेट आलं आणि जगभर लोकांचं जीमेल आणि बाकीची अ‍ॅप उघडली की धाडकन बंद पडायला लागली. लोक जीमेलला शिव्या देत होते, दोषी होता हा, ज्याचं नावही कोणी ऐकलं नव्हतं.

मग यातलं कोण कोणाचं हे ओळखायचं कसं? पॅकेजचं नाव, म्हणजे अ‍ॅपचं आतलं पूर्ण नाव, बघायचं. काही फोनमध्ये ते अ‍ॅप इन्फोच्या पानावर दिसतं, नसेल तर ते दाखवणारी छोटी फुकट अ‍ॅप मिळतात. आपण पत्ता लिहितो मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. पॅकेजचं नाव बरोबर याच्या उलटं, मोठ्याकडून लहानाकडे. कॉम डॉट गूगल डॉट अँड्रॉइड डॉट वेबव्ह्यू, म्हणजे गूगलच्या घरातला, अँड्रॉइडच्या वाड्यातला, वेबव्ह्यू. गूगलच्या जागी क्वालकॉम किंवा मीडियाटेक दिसलं तर ते चिप बनवणाऱ्याचं. अर्थात दारावर पाटी कोणीही लावेल, बाहेरून टाकलेलं अ‍ॅपसुद्धा गूगलचं नाव लावू शकतं. खरी ओळख डिजिटल सहीची, आधीच्या अ‍ॅपवर वेगळ्या सहीचं अपडेट अँड्रॉइड चढवूच देत नाही.

सेफ्टीकोअर हे प्रकरण जरा वेगळं. ते २०२४ च्या शेवटी शेवटी लाखो फोनमध्ये गुपचूप आलं आणि २०२५ च्या सुरुवातीला लोकांच्या लक्षात आल्यावर बोंबाबोंब झाली. मेसेजमध्ये आलेला फोटो नग्न आहे का हे ते फोनमध्येच तपासतं, फोटो बाहेर जात नाही असं गूगलचं म्हणणं. काम चांगलं असेल हो, पण घरात माणूस ठेवताना एकदा विचारायला काय जातं!

सेफ्टीकोअर अनइन्स्टॉल तरी करता येतं, पण यातली बाकीची बहुतेक काढता का येत नाहीत, हा आत्याचा पुढचा प्रश्न. फोनच्या मेमरीचे कप्पे असतात, कंपनीने भरलेला सिस्टीमचा कप्पा नुसता वाचता येतो, त्यात लिहिता किंवा पुसता येत नाही. म्हणूनच फॅक्टरी रीसेट केलं तरी ही मंडळी परत हजर, रीसेटमध्ये आपला कप्पा पुसला जातो, त्यांचा नाही. डिसेबल करता येतं, पण ते भाड्याच्या घरातल्या भिंतीतल्या कपाटाला कुलूप लावल्यासारखं, वापर थांबतो, जागा काही मिळत नाही, फार तर नंतरच्या अपडेटने खाल्लेली परत मिळते.

आणि सगळंच निरागस असतं असंही नाही. माद्रिदच्या संशोधकांनी २०१९ मध्ये २१४ कंपन्यांच्या १,७०० हून जास्त फोनमधली ८२ हजारांवर आधीच भरलेली अ‍ॅप तपासली, तर त्यात जाहिरातवाल्यांची आणि लोकांच्या सवयींची नोंद ठेवणाऱ्यांची भरपूर गर्दी निघाली. त्याच वर्षी गूगलनेही सांगितलं की ट्रायाडा नावाचा व्हायरस काही फोनमध्ये कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच शिरला होता.

आत्याच्या फोनवर मी लॉकस्क्रीनचं जाहिरातवालं अ‍ॅप आणि दोन गेम बंद केले, वेबव्ह्यूला हात लावला नाही. राहिलं सिम टूलकिट. सिम हा खरं तर एक चिमुकला कॉम्प्युटर असतो आणि सिम टूलकिटच्या मेनूत जे दिसतं ते सिममधून येतं. क्रिकेट, राशिभविष्य असले पॉपअप येतात आणि चुकून ओके दाबलं की पैसे कापले जातात, ते बहुतेक वेळा तिथेच आत जाऊन बंद करता येतात. सिम काढलं की तो आयकॉनच गायब होतो. तिला काढून दाखवलं. मग तिने कानातल्याच्या दांडीने स्वतः तीनदा सिम काढून घालून बघितलं, आणि तिसऱ्यांदा ट्रे उलटा घातला.