शब्दकोड्याची उकल (इंदूरच्या मराठी वाचकांच्या संदर्भात)

दैनिकात रोज छापून येणारे शब्दकोडे सोडवणे आणि प्रत्येक सूत्रातून, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या वाक्यातून, उत्तर कसे निघाले हे दुसऱ्याला पटेल असे मांडणे, या दोन्ही गोष्टी मिळून उकल होते. उत्तर सापडले म्हणजे उकल झाली असे नाही. अक्षरे जुळली की शब्द चौकटीत बसतो. पण सूत्रातला कोणता शब्द कोणत्या कामाला आला हे सांगता येत नाही, तोवर बसवलेला शब्द हा केवळ अंदाजच असतो. मध्य प्रदेशातील इंदूर शहरात होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली असून १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने येथे भरली. घरात मराठी आणि शाळेत, बाजारात, कचेरीत हिंदी अशी या कुटुंबांची विभागणी असल्यामुळे येथील उकलीत एक पायरी अधिक असते : उत्तर कोणत्या भाषेच्या कोशातले आणि कोणत्या लेखननियमांचे आहे, हे आधी ठरवावे लागते.

शब्दकोड्याचे आजचे रूप वृत्तपत्रातच जन्मले. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले पत्रकार आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत हिऱ्याच्या आकाराची, मध्यभाग मोकळा सोडलेली चौकट ‘वर्ड-क्रॉस’ या नावाने दिली. लंडनच्या ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० रोजी पहिले कोडे छापले. ब्रिटनमध्ये या प्रकाराला गूढ सूत्रांचे, म्हणजे सरळ अर्थासोबत शब्दखेळातूनही उत्तर सुचवणाऱ्या सूत्रांचे, वळण लागले आणि ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात १९३९ पासून ‘झिमेनीज’ या टोपणनावाने कोडी रचणारे डी. एस. मॅकनट यांनी त्याला शिस्त लावली. सूत्रात उत्तराचा नेमका अर्थ असावा, उत्तर कसे घडले याचा प्रामाणिक निर्देश असावा आणि या दोहोंपलीकडे काहीही नसावे, असा त्यांच्या परंपरेचा आग्रह आहे. शब्दांत अर्थ दडवण्याची कला मात्र आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृत साहित्यशास्त्रकार दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे (कूटप्रश्नांचे) सोळा प्रकार सांगितले आहेत, आणि मराठी घरांतली हुमाणे व उखाणे त्याच जातीची आहेत. चौकट तेवढी नवी आहे.

मराठी शब्दकोड्याचा एकक अक्षर आहे. एका घरात व्यंजन आपल्या काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वारासह एकत्र लिहिले जाते, आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळते. म्हणून ‘महेश्वर’ चार घरांत मावते आणि ‘शिक्षा’ला दोनच घरे पुरतात. यामुळे मराठी उत्तरे आखूड होतात. इंग्रजी दैनिकांतली पंधरा घरांची रुंदी भरून काढणारा मराठी शब्द मिळणे जवळजवळ अशक्य असल्याने मराठी चौकटी बहुधा लहान असतात. रचनेतली खरी अडचण वेगळीच आहे. रोमन लिपीत सव्वीस अक्षरे आहेत. मराठीत चौतीस व्यंजने आणि बाराखडीची बारा रूपे एवढेच धरले तरी संख्या चारशेच्या वर जाते, आणि जोडाक्षरे निराळीच. एका आडव्या शब्दातले ‘गृ’ किंवा ‘श्व’ उभ्या शब्दातही तंतोतंत यावे, अशी जुळणी करणे कोडेकाराला फार जड जाते. सोडवणाऱ्याला मात्र याचाच मोठा फायदा होतो, कारण छेदाच्या, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे मिळतात त्या, घरातले एक अक्षर हाती आले की उरलेल्या शक्यता झपाट्याने गळून पडतात. उदाहरणार्थ, ‘होळकरांचे इंदुरातील सात मजली निवासस्थान (४)’ या सूत्राला ‘राजवाडा’ हे उत्तर सुचते, पण घाईत कोणी ‘राजगृह’ लिहिले तर तेही चार घरांत बसते. तिसऱ्या घरातून खाली उतरणारे सूत्र ‘पंढरीची पायी यात्रा (२)’ असे असेल, तर ‘वारी’ हा निःसंशय शब्द ‘वा’ देतो आणि वाद मिटतो.

अक्षरे उलटवण्याचा खेळ मराठी कानाला ओळखीचा आहे. ‘रामाला भाला मारा’ किंवा ‘ती होडी जाडी होती’ ही वाक्ये उजवीकडून डावीकडे वाचली तरी तीच राहतात, कारण उलटताना प्रत्येक अक्षर आपली मात्रा सोबत घेऊन जाते. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्यही त्याच मालिकेत सांगितले जाते, पण त्यात आरंभी ऱ्हस्व ‘चि’ आणि अंती दीर्घ ‘ची’ आहे. बोलताना ही सवलत खपते; कोड्याच्या छेदात ती खपू नये, असे या नोंदकाराचे ठाम मत आहे. काही कोडेकार ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करून छेद जुळवतात, तेव्हा सोडवणाऱ्याचा अक्षरावरचा विश्वास जातो आणि छेद पडताळ्याच्या कामाचा उरत नाही.

गूढ सूत्रांची उकल कशी सांगावी हे नमुन्यांवरून अधिक स्पष्ट होईल. ‘उलट वाहणारी सरिता, म्हणून गरीब (२)’ या सूत्रात सरिता म्हणजे नदी. ‘न-दी’ उलटली की ‘दी-न’, आणि दीन म्हणजे गरीब. ‘म्हणून’ हा शब्द अर्थ आणि रचना यांना जोडतो, त्याचे दुसरे काम नाही. याच जातीचे ‘नेहमी उलट फिरणारा सेवक (२)’ हे सूत्र मात्र सदोष आहे, कारण ‘सदा’ उलटून ‘दास’ होते तसे ‘दास’ उलटून ‘सदा’ होते, आणि उलटण्याचा निर्देश मधोमध उभा राहिल्याने उत्तर कोणत्या टोकाला शोधायचे हे कळत नाही. ‘उलटलेला सेवक, नेहमी (२)’ असे लिहिले की विशेषण सेवकाला चिकटते आणि ‘सदा’ हे एकच उत्तर उरते. शब्दांची बेरीज करणारे सूत्र असे असते : ‘रानातला दरवळ, रामाच्या वाट्याला आलेला (४)’. वन आणि वास मिळून ‘वनवास’. हा प्रकार मराठीला फार मानवतो, कारण समासाची सवय आपल्या भाषेत मुरलेली आहे. फक्त संधी होऊन स्वर मिसळलेले शब्द या पद्धतीने फोडता येत नाहीत, हे ध्यानात ठेवावे लागते.

अक्षरांची अदलाबदल सांगणाऱ्या सूत्राचा नमुना ‘विस्कटलेल्या रजनीत कमळ (३)’ हा घेता येईल. ‘र-ज-नी’ या अक्षरांची जागा बदलली की ‘नी-र-ज’, म्हणजे पाण्यात जन्मलेले ते कमळ. येथे ‘नी’ दीर्घच हवी. ‘निरज’ लिहिणाऱ्याचा छेद पुढे अडतो. तरीही मराठीत हा प्रकार दुबळा राहतो असे मानावे लागते. तीन अक्षरांची अदलाबदल सहाच प्रकारे होते आणि चार अक्षरांची चोवीस प्रकारे. इंग्रजीत सात निरनिराळ्या अक्षरांचा शब्द पाच हजारांहून अधिक प्रकारे मांडता येतो, म्हणून तिथे या युक्तीत जो दम आहे तो इथे नाही.

पोटात शब्द दडवणाऱ्या सूत्रांत मराठीचे सामान्यरूप कोडेकाराची परीक्षा पाहते. ‘एक मळकट’ या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘क-म-ळ’ लपले आहे. पण ‘एक मळकट पिशवीत दडलेले फूल’ हे वाक्य अशुद्ध आहे. शुद्ध करायला जावे तर ‘एका मळकट पिशवीत’ म्हणावे लागते आणि ‘का’ झाल्याबरोबर कमळ नाहीसे होते. म्हणून सूत्र ‘एक मळकट पिशवी, तिच्यात दडलेले फूल (३)’ असे फिरवून बांधावे लागते. विभक्ती लागताच शब्दाचे अंग बदलणाऱ्या भाषेत गूढ सूत्र रचणे म्हणजे व्याकरणाशी बारकाईने तडजोड करणे होय, आणि उकल सांगणाऱ्याने हे कसब दाखवून दिले पाहिजे, कारण वाचकाच्या नजरेतून तेच सर्वांत सहज सुटते.

इंदूरच्या मराठी वाचकापुढे यापुढची अडचण उभी राहते. ५ जून १९४७ रोजी इंदुरात सुरू झालेल्या ‘नई दुनिया’सारख्या हिंदी दैनिकांची या शहराला दीर्घ परंपरा आहे, मराठीभाषक राहुल बारपुते हे त्याच दैनिकाचे नामवंत संपादक होते. हिंदी दैनिकांतल्या कोड्याला ‘वर्ग पहेली’ म्हणतात. त्यात मराठीतल्या ‘आडवे’ आणि ‘उभे’ या सुटसुटीत शब्दांऐवजी ‘बाएँ से दाएँ’ आणि ‘ऊपर से नीचे’ अशी शीर्षके असतात. लिपी एकच असल्याने वाचक एका चौकटीतून दुसरीत सहज जातो, पण दोन्ही भाषांचे लेखननियम निराळे आहेत. महाराष्ट्रात १९६२ साली मान्य झालेल्या आणि १९७२ साली भर घातलेल्या नियमांप्रमाणे मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिला जातो. हिंदीत तत्सम शब्द ऱ्हस्वान्तच राहतो. ‘काव्य रचणारा (२)’ या सूत्राला मराठीत ‘कवी’ आणि हिंदीत ‘कवि’ लिहावे लागते. मराठी चौकटीत त्या शेवटच्या घरातून ‘वीज’ खाली उतरू शकते, ‘विहीर’ उतरू शकत नाही. हिंदी माध्यमात शिकलेल्या मुलाचा हात सवयीने ‘कवि’ लिहितो, छेदावर अडतो आणि दोष सूत्रात शोधत बसतो. खुद्द शहराचे नाव याला अपवाद नाही. हिंदीतल्या ‘इंदौर’चे मधले अक्षर ‘दौ’, मराठीतल्या ‘इंदूर’चे ‘दू’, आणि मराठीतच विभक्ती लागली की ‘इंदुरात’ असा ऱ्हस्व ‘दु’. घरे दोन्हीकडे तीनच, पण छेद देणारा शब्द प्रत्येक वेळी बदलतो.

लेखनाहून अवघड प्रश्न अर्थाचा आहे. ‘संशोधन’ मराठीत नव्या ज्ञानाचा शोध, तर हिंदीत कायद्यातली दुरुस्ती. ‘अवकाश’ मराठीत पोकळी किंवा सवड, तर हिंदीत रजा. हिंदी कोड्यात ‘एतराज’ (म्हणजे हरकत) या सूत्राचे उत्तर ‘आपत्ति’ असते, तेव्हा मराठी मनात संकटाचा अर्थ ठाण मांडून बसलेला असल्याने हा शब्द सुचतच नाही, आणि सुचला तरी हात ‘आपत्ती’ असा दीर्घ लिहितो. इंदुरात रचलेल्या मराठी कोड्यात ‘कायद्यातील दुरुस्ती (४)’ असे सूत्र देऊन ‘संशोधन’ हे उत्तर मागणे अन्यायाचे होईल, कारण तो अर्थ मराठी नाही आणि पुण्या-नागपूरच्या वाचकाला तो मिळणार नाही. मात्र दोन्ही भाषांची नावे घेऊन हाच भेद उघडपणे वापरला, तर इंदुरी कोडेकाराच्या हाती असे भांडार येते की जे अन्यत्र सहसा मिळत नाही. ‘हिंदीत शाळेतून मिळते, मराठीत न्यायालयातून (२)’ याचे उत्तर ‘शिक्षा’. ‘मराठीत चटका देते, हिंदीत ऊब (२)’ याचे उत्तर ‘ऊन’, कारण हिंदीत ऊन म्हणजे लोकर. ‘मराठीत पाकिटावर, हिंदीत फांदीवर (२)’ हा ‘पत्ता’. या सूत्रांत एकही शब्द जादा नाही, दोन्ही अर्थ कोशसिद्ध आहेत आणि दोन्ही भाषा रोज बोलणाऱ्याला ती विशेष आनंद देतात.

सूत्र न्याय्य असणे किती महत्त्वाचे आहे, हे बक्षिसाच्या शब्दकोड्यांच्या इतिहासावरून कळते. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात प्रवेशफी घेऊन मोठ्या रकमांची बक्षिसे लावणाऱ्या कोड्यांच्या स्पर्धा जोरात होत्या. त्यांत एका जागेसाठी अनेक शब्द सारखेच योग्य ठरत. ‘माणसाला हवेच असे (२)’ या सूत्राचे दुसरे अक्षर ‘ळ’ दिले, तर फळ, बळ, जळ, वेळ यांपैकी कोणताही शब्द चालतो आणि आयोजकाच्या मोहोरबंद पाकिटात असेल तोच बरोबर ठरतो. बक्षीस स्पर्धा अधिनियम, १९५५ याने अशा स्पर्धांवर निर्बंध आणले : महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांना मनाई, प्रवेशिका दोन हजारांहून अधिक नकोत आणि परवाना आवश्यक. आर.एम.डी. चमरबागवाला यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी हा कायदा वैध ठरवला आणि त्याचे निर्बंध जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांनाच लागू होतात, यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असलेल्या स्पर्धांना नाही, असे स्पष्ट केले. ज्या सूत्राची उकल एकच निघते ते कौशल्याचे, आणि ज्याचे उत्तर पाकीट उघडल्यावरच ठरते ते नशिबाचे, ही सीमारेषा कोडेकारांनाही कायम मार्गदर्शक आहे.

उकल सांगण्याची चांगली रीत पायरीपायरीची असते. प्रथम सूत्रातला अर्थाचा भाग कोणत्या टोकाला आहे ते दाखवावे, नंतर रचनेचा निर्देश देणारा शब्द ओळखून द्यावा, मग अक्षरांची फोड करावी आणि उत्तर शेवटी उच्चारावे. म्हणजे ऐकणाऱ्याला मधल्या कोणत्याही पायरीवर ‘थांबा, आलं मला’ असे म्हणण्याची संधी राहते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात नुसती भरलेली चौकट छापली जाते, त्यामुळे हे काम घरातच होते. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जुने मराठी शब्द असतात आणि नातवंडांकडे हिंदी अर्थछटा. अडलेल्या जागी दोघांना एकमेकांचे साहाय्य लागते. वाद उरलाच तर कोश उघडावा. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ अर्थासाठी आजही उपयोगी आहे, पण त्यातले लेखन नव्या नियमांपूर्वीचे असल्याने ऱ्हस्व-दीर्घाचा निवाडा त्यावरून करू नये.

पडद्यावरच्या कोड्यांत अक्षराचा प्रश्न पुन्हा डोके वर काढतो. संगणक ‘क्ष’ हे क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशा तीन संकेतांनी साठवतो, आणि ‘नी’ दोन संकेतांनी. हे संकेत मोजून घरे पाडणाऱ्या आज्ञावलीत मराठी शब्द मोडून पडतो. देवनागरी जोडाक्षर हे एकच अखंड एकक धरावे, असा नियम युनिकोडच्या (संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या) मूळ अक्षरविभागणीत २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी केलेल्या मराठी चौकटींत ‘शिक्षा’ला तीन घरे मागितलेली दिसली, तर चूक सोडवणाऱ्याची नसते.