बर्डच्या खोलीतली हवा

अंटार्क्टिकातल्या जुन्या तळांबद्दल वाचताना मनात आधी थंडी येते. तिथे हिवाळा काढणाऱ्यांच्या जिवावर मात्र अनेकदा शेगडीच उठली. रिचर्ड बर्ड यांचा १९३४चा हिवाळा असाच होता.

बर्ड हे अमेरिकी नौदलातले अधिकारी. 'लिटल अमेरिका' या त्यांच्या मुख्य तळापासून दक्षिणेला सुमारे २०० किलोमीटरवर, समुद्रावर तरंगणाऱ्या रॉस आइस शेल्फवर, हवामानाच्या नोंदींसाठी एक ठाणं उभारायचं ठरलं. किनाऱ्यापासून इतक्या आत हिवाळाभर नोंदी तोवर कुणी घेतल्या नव्हत्या. तिथे तिघांनी राहायचं होतं, पण तेवढं सामान हिवाळ्याआधी पोचेना. दोघांनाच ठेवलं तर कोंडलेल्या खोलीत ते एकमेकांना विटतील, असं बर्ड यांना वाटलं. २८ मार्चपासून ते स्वतः एकटे राहिले.

खोली जेमतेम ९ बाय १३ फुटांची, वाऱ्यापासून वाचवण्यासाठी बर्फात पुरलेली. ये-जा छतातल्या झडपेतून. बाजूला बर्फातच खोदलेल्या बोगद्यांत अन्न आणि इंधन. रोज सकाळी आणि रात्री ८ वाजता नोंदी घ्यायच्या. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर हिम साचलं की मिट्ट अंधारात खांबावर चढून ते खरवडायचं. पारा कधी कधी उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली. प्यायचं पाणी हवं तर आधी बर्फ वितळवायचा, म्हणजे पुन्हा शेगडीच.

आणि घात तिथेच होता. तेलावर चालणाऱ्या त्या शेगडीच्या धुराड्याचे सांधे नीट बसलेले नव्हते. इंधन जळताना वाफही तयार होते. ती थंडगार नळीत गोठते आणि नळीचं तोंड हळूहळू बुजत जातं. ताजी हवा पुरेशी मिळाली नाही की तेल अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, हातापायांतलं बळ जाणं ही सगळी लक्षणं साध्या आजारपणासारखीच. म्हणूनच हा वायू मला थंडीपेक्षा भयंकर वाटतो. थंडी निदान बोचते तरी.

३१ मे रोजी रेडिओसाठी वीज देणारं पेट्रोलचं इंजिन बोगद्यात चालू असताना बर्ड कोसळले. पुढचे दोन महिने त्यांच्यापुढे दोनच वाटा होत्या: शेगडी पेटवली तर विष, विझवली तर गारठा. ते ती दिवसातले बरेच तास बंद ठेवू लागले, आणि भिंतींवरचा बर्फ छताकडे चढू लागला. तळाला त्यांनी आजार कळवला नाही. कळवला असता तर ध्रुवीय रात्रीच्या अंधारात माणसं निघाली असती आणि कदाचित वाटेतच मेली असती. पण त्यांचे मोर्स संदेश अडखळू लागले, तेव्हा तळावरच्यांना संशय आला.

ट्रॅक्टर घेऊन निघालेल्यांना दोनदा परतावं लागलं. तिसऱ्या खेपेला, ऑगस्टमध्ये, तिघं जण पोचले. बर्ड यांची प्रकृती इतकी खालावली होती की लगेच हलवणं शक्य नव्हतं. ऑक्टोबरात विमान येईपर्यंत चौघंही त्याच खोलीत राहिले.