प्रिंट लाइनचा पत्ता: बडोदे आणि वृत्तपत्रांवरचे कायदे

पेपरच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, बारीक टाइपात थोडा मजकूर असतो: हे पत्र अमुक मालकांसाठी तमुक यांनी या छापखान्यात छापून या पत्त्यावर प्रसिद्ध केले. पेपरच्या धंद्यात त्याला प्रिंट लाइन म्हणतात. वाचक बहुधा तिच्यावर भेळ खातो. ती आली १८६७ च्या कायद्याने. छापखाना कोणाचा, प्रकाशक कोण, हे मॅजिस्ट्रेटपुढे जाहीर करायचं (त्याला सगळे ‘डिक्लेरेशन’च म्हणत) आणि प्रत्येक अंकावर छापायचं. म्हणजे उद्या काही भानगड झाली, तर पकडायचं कोणाला हे सरकारला शोधत बसावं लागू नये. हा कायदा १५७ वर्षं टिकला. १ मार्च २०२४ ला त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाला या पत्त्याचं अप्रूप थोडं जास्त वाटतं. संस्थान होतं तोवर ब्रिटिश मुलखातला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. त्यामुळे काय छापलं याच्या इतकंच ते कोणाच्या हद्दीत छापलं याला महत्त्व होतं.

सुरुवात मल्हारराव गायकवाडांपासून करू. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातला ब्रिटिशांचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याच्या सरबतात विष घातल्याचा आरोप महाराजांवर आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव राजवाडे या तिघांनी आरोप सिद्ध मानला नाही, इंग्रजांनी मानला. मग सरकारने विषाची गोष्ट बाजूला ठेवली आणि १८७५ मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली महाराजांना गादीवरून काढून मद्रासला धाडलं. देशी भाषांतल्या पत्रांनी यावर जी आग पाखडली, तिचे भाषांतरित उतारे लंडनपर्यंत गेले आणि या पत्रांना आवरायचं कसं, याची चर्चा तिकडे सुरू झाली. तीन वर्षांनी, मार्च १८७८ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने एकाच बैठकीत देशी वृत्तपत्रांचा कायदा मंजूर करून घेतला. मॅजिस्ट्रेटने जातमुचलका लिहून घ्यायचा, अनामत मागायची, वेळ आली तर छापखाना जप्त करायचा. अपील नाही. इंग्रजी पत्रांना मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ त्यामुळेच रातोरात इंग्रजी झाली. कायद्यामागे अफगाण युद्धाची भीती, दुष्काळावरची टीका अशी इतरही कारणं होती, पण बडोद्याचं प्रकरण त्यातलं एक ठळक. १८८२ मध्ये रिपनच्या काळात हा कायदा गेला. राजद्रोहाचं १२४-अ कलम मात्र १८७० पासून होतं, ते राहिलं. टिळकांना त्यानेच दोनदा तुरुंगात नेलं.

पुढची गोष्ट अरविंद घोषांची. १८९३ मध्ये ते सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झाले आणि त्याच वर्षी मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये निनावी लेखमाला लिहू लागले. संपादक होते केंब्रिजपासूनचे त्यांचे स्नेही केशवराव देशपांडे. लेखांत काँग्रेसच्या अर्ज-विनंत्यांची यथेच्छ टर उडवलेली. न्यायमूर्ती रानड्यांनी मालकाला निरोप दिला, की हे असंच चाललं तर राजद्रोहाचा खटला भरला जाईल. लेखमालेचा सूर उतरला आणि थोड्याच काळात ती थांबली. लेखक गायकवाडांच्या हद्दीत होता, छापखाना इंग्रजांच्या, आणि घाबरायची पाळी छापखानेवाल्याची. खटला नाही, जप्ती नाही, एका वजनदार माणसाचा निरोप पुरला. वृत्तपत्रांच्या इतिहासात खटले मोजले जातात, असे निरोप कोणी मोजत नाही.

हद्दीची ही ढाल उलट्या बाजूनेही वापरली गेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘वनस्पतिनी दवाओ’ नावाचं गुजराती पुस्तक निघालं. नाव आजीबाईच्या बटव्याचं, आत बॉम्ब बनवायची कृती. ते लिहिणारे नरसिंहभाई पटेल गायकवाड सरकारचे नोकर होते. ब्रिटिशांचा दबाव वाढला आणि दरबाराने त्यांना संस्थानातून हद्दपार केलं.

१९२२ मध्ये चित्र आणखी गमतीचं झालं. १९१० चा कडक प्रेस कायदा रद्द झाला तेव्हा संस्थानिकांना वाटलं, आता ब्रिटिश मुलखातले पेपर आपल्यावर तुटून पडणार. त्यांच्या संरक्षणासाठी सरकारने विधेयक आणलं. कायदेमंडळाने ते मांडायलाच परवानगी नाकारली, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगने आपल्या खास अधिकारात ते कायदा म्हणून पुढे रेटलं. संस्थानिकाविरुद्ध अप्रीती पसरवणारं छापलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. आता मुंबई-पुण्यात बसून संस्थानांवर लिहिणाऱ्यालाही धास्ती.

१९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती हद्द पुसली गेली. पण हद्दीचा खेळ संपला नाही. मुंबईत निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या राज्यात बंदी घातली, १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उडवली, आणि पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची यादी वाढली.

आणीबाणीत बडोदे पुन्हा बेटावर होतं. जून १९७५ मध्ये गुजरातेत जनता मोर्चाचं, बाबूभाई पटेलांचं सरकार नुकतंच आलेलं. २६ जूनला भारत संरक्षण नियमांतल्या ४८ व्या नियमाखाली पूर्वतपासणीचा, म्हणजे छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवण्याचा, हुकूम निघाला. सेन्सॉर दिल्लीचा, राज्य सरकार विरोधकांचं. इथून ‘भूमिपुत्र’ नावाचं सर्वोदयी मंडळींचं गुजराती पत्र निघायचं, संपादक चुनीभाई वैद्य. यज्ञ प्रकाशनाचा पत्ता हुजरात पागा. कधीकाळी खुद्द सरकारस्वारीचे घोडे बांधायची जागा, नावातली मराठी अजून शाबूत.

ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्य परिषद भरली. माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा, एम. सी. छागला, व्ही. एम. तारकुंडे अशी माणसं. ‘भूमिपुत्र’ने तिचा वृत्तान्त छापला. सेन्सॉरने बडगा उगारला, चुनीभाई उच्च न्यायालयात गेले. १२ मार्च १९७६ ला गुजरातचं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट आली, बेट बुडालं. आणि दहा दिवसांनी, २२ मार्चला, न्या. जे. बी. मेहता आणि न्या. एस. एच. शेठ यांनी निकाल दिला तो ‘भूमिपुत्र’च्या बाजूने: सेन्सॉरच्या मार्गदर्शक सूचना नियमाच्या चौकटीबाहेरच्या आहेत. या निकालाची बातमी छापायलाही सेन्सॉरने मनाई केली. दोन महिन्यांनी न्या. शेठ यांची, त्यांची संमती न घेता, आंध्रला बदली झाली. त्या वर्षी एकूण १६ न्यायाधीशांच्या अशा बदल्या झाल्या, त्यामुळे निकाल आणि बदली यांची गाठ कोणी छातीठोकपणे मारू शकणार नाही. शेठ मात्र बदलीविरुद्ध भांडले आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

त्याच मार्चमध्ये बडोदे डायनामाइट प्रकरणाला, म्हणजे आणीबाणीविरुद्ध स्फोटांचा कट केल्याच्या खटल्याला, तोंड फुटलं. आरोपींत जॉर्ज फर्नांडिस यांच्याबरोबर इथले दोन पत्रकार होते, किरीट भट्ट आणि के. विक्रम राव. १९७७ मध्ये खटला मागे घेतला गेला.

‘भूमिपुत्र’ कोर्टात जाऊ शकलं, कारण नोटीस त्याच्या पत्त्यावर आली होती. कोणी, कोणत्या नियमाखाली बजावली, सगळं कागदावर होतं. आता मोबाइलवरची बातमी अडवायची तर सरकार माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९-अ कलम वापरतं. ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं. त्याखालच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सांगतो, की तक्रार आणि त्यावरची कारवाई गोपनीय ठेवायची. त्यामुळे एखादी बातमी दिसेनाशी झाली, तर ती कोणाच्या हुकमाने, हे वाचकाला कळायची सोय नाही. सरकारी कामकाजाबद्दलची कोणती बातमी खोटी हे ठरवणारं सरकारचंच तपासणी पथक २०२३ च्या दुरुस्तीने येऊ घातलं होतं. ती दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. आधी दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना, म्हणून प्रकरण तिसऱ्यांकडे, न्या. चांदूरकरांकडे, गेलं होतं. १६ वा नियम आहे तिथेच आहे.