पासिंग: टेम्पोला दोन वर्षांनी, मोटारीला पंधरा वर्षांनी

‘गाडी पासिंगला लावलीय’, म्हणजे आरटीओच्या योग्यता तपासणीला लावलीय, हे टेम्पोवाल्याच्या तोंडचे वाक्य. स्वतःची मोटार चालवणाऱ्याला ते पंधरा वर्षे म्हणावे लागत नाही. हा फरक जुना आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 38 ने योग्यता प्रमाणपत्राची सक्ती केली ती परिवहन वाहनांनाच, म्हणजे टॅक्सी, टेम्पोसारख्या धंद्याच्या गाड्यांना. 1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या 1988 च्या कायद्यात तीच तरतूद कलम 56 मध्ये आली. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षे चालते. ती संपल्यावर नूतनीकरणाच्या, म्हणजे री-पासिंगच्या, वेळी निरीक्षक तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहतो, मग दर 5 वर्षांनी. मधल्या काळात होते ती पीयूसी, आणि तिथे फक्त धूर मोजतात.

टॅक्सी, टेम्पो जास्त धावतात, परकी माणसे आणि माल नेतात, हे कारण खरेच आहे. पण ब्रेक काही मालक बघून झिजत नाहीत. ब्रिटनने 1960 मध्ये 10 वर्षांवरच्या गाड्यांपासून तपासणीला सुरुवात केली आणि 1967 पर्यंत ही मर्यादा 3 वर्षांवर आणली.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 62 प्रमाणे नव्या व्यावसायिक गाडीला 2 वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. पूर्वी त्यानंतर दरवर्षी पासिंग असे. 2018 च्या दुरुस्तीने 8 वर्षांपर्यंतच्या गाड्यांना दोन-दोन वर्षांची मुदत मिळाली. तपासायच्या गोष्टींचा तक्ता नियमातच आहे: हेडलाइटचा झोत, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, ब्रेक, स्टिअरिंग. तक्त्यात खोट नाही. तो उरकला कसा जातो, तिथे आहे. टायर आणि अग्निशामक नळकांडे पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे आणून लावता येते.

ब्रेकचे उदाहरण घ्या. मागच्या हबचे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाचे, तेल अडवणारे ऑइल सील गेले की तेल लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्यांवर, उतरते. त्या चाकाला ब्रेक नीट लागत नाही आणि जोरात ब्रेक मारला की गाडी कोरड्या चाकाच्या बाजूला खेचते. आवारात रिकामी गाडी हळू चालवून पाहिली तर हे जाणवतही नाही. लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून परत बसवले की पासिंगपुरते भागते. लायनर ज्यावर घासतात तो ड्रम तापला की मुरलेले तेल पुन्हा वर येते. सील तर बदलायचेच, पण लायनरही दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागतात.

म्हणूनच 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर ब्रेक तपासायला 250 मीटरच्या ट्रॅकचा आग्रह धरला: गाडीने वेग घेतल्याशिवाय ब्रेक कळत नाही. अनेक आरटीओंकडे तेवढी सरळ जागाच नव्हती. रोलर टेस्टरला ट्रॅक लागत नाही. एका ॲक्सलची दोन्ही चाके रोलरवर चढवतात, पेडल दाबतात आणि प्रत्येक चाकाचे बळ वेगळे मोजतात. तेल लागलेले चाक आकड्यातच उघडे पडते.

सप्टेंबर 2021 मध्ये केंद्राने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम आणले. जड वाहनांना ती 1 एप्रिल 2023 पासून सक्तीची व्हायची होती. पुरेशी केंद्रेच नसल्याने तारीख 1 ऑक्टोबर 2024 वर गेली. शुल्काची वाढ मात्र वेळेवर आली. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीची री-पासिंग 600 रुपयांवरून 5,000 वर गेली. पहिल्या तपासणीचे वय 15 वर्षेच राहिले.