हर्षद की स्मिथ? अंकांची बेरीज करून झाल्यावर नेमकं काय करायचं

दोन्हींची सुरुवात एकच: संख्येतले अंक मिळवायचे. घोळ होतो तो त्यानंतर.

त्या बेरजेने दिलेल्या संख्येला पूर्ण भाग गेला, की ती हर्षद संख्या. देवळालीचे गणितज्ञ शिक्षक द. रा. कापरेकर यांनी हे नाव दिलं. परदेशी पुस्तकांत तीच निव्हन संख्या म्हणून भेटते. स्मिथ संख्येत भागाकाराचा संबंधच नाही. तिथे संख्येचे मूळ अवयव पाडायचे, त्या अवयवांचे अंक मिळवायचे आणि ही बेरीज पहिल्या बेरजेइतकीच येते का ते पाहायचं. हे नाव अल्बर्ट विलान्स्की यांनी 1982 मध्ये दिलं, तेही मेहुण्याच्या फोन नंबरात हा गुण सापडला म्हणून! मेहुण्याचं आडनाव स्मिथ.

आता 84 घ्या. 8 + 4 = 12 आणि 84 ÷ 12 = 7, म्हणजे हर्षद. अवयव 2 × 2 × 3 × 7, त्यांची बेरीज 14. 12 नाही, म्हणून स्मिथ नाही. पण 2 एकदाच धरला तर 2 + 3 + 7 = 12 येतं आणि 84 खोटीच स्मिथ ठरते. अवयव जितक्या वेळा येतो तितक्या वेळा मोजायचा, ही अट सर्रास विसरली जाते. दुसरी चूक दोन अंकी अवयवांची. 58 = 2 × 29 मध्ये 29 अख्खा न मिळवता 2 + 2 + 9 = 13 करायचं; 5 + 8 सुद्धा 13, म्हणून 58 स्मिथ.

हर्षदच्या बाजूला चूक होते ती एक अंक उरेपर्यंत बेरीज करत राहण्याची. 75 ची बेरीज 12. तिचे पुन्हा 3 केले तर 75 ला भाग जातो, पण 12 ने जात नाही. 75 हर्षद नाही. बेरीज एकदाच.

मूळ संख्या स्मिथच्या यादीतून मुद्दाम वगळतात, कारण तिचा अवयव ती स्वतःच, दोन्ही बेरजा आपोआप सारख्या. हर्षदमध्ये असा नियम लागत नाही. तिथे 2, 3, 5, 7 सोडून एकही मूळ संख्या टिकत नाही.

100 पर्यंत हर्षद 33 आहेत, स्मिथ फक्त सहा: 4, 22, 27, 58, 85, 94. यांतल्या 4 आणि 27 दोन्हीकडे बसतात. 729 मात्र फक्त स्मिथ: बेरीज 18, सहा वेळा 3 मिळूनही 18, पण विषम संख्येला 18 ने भाग कसा जाणार?

खरी गंमत शेवटी शून्य जोडल्यावर आहे. हर्षद संख्या दहापट केली तरी हर्षदच राहते: बेरीज तीच, भाग जातोच. स्मिथ मात्र मोडते, कारण 10 = 2 × 5, म्हणजे अवयवांकडे 7 वाढतात आणि अंकांकडे काहीच नाही. हीच अडचण उलटी वापरता येते. 69 ची बेरीज 15, अवयव 3 आणि 23, त्यांची 8. फरक बरोबर 7. म्हणून 690 स्मिथ. शिवाय 690 ÷ 15 = 46, म्हणजे हर्षदही! 69 स्वतः दोन्हींपैकी काहीच नव्हती. स्मिथ संख्या अनंत आहेत हे वेन मॅकडॅनियल यांनी 1987 मध्ये सिद्ध केलं, त्यातही 7 चा हा हिशेब कामी येतो. घरी करून पाहताना अंकांची बेरीज अवयवांच्या बेरजेपेक्षा 7 च्या पटीत जास्त असलेलीच संख्या निवडा. नाहीतर कितीही शून्यं जोडली तरी जमायचं नाही.