बारकोड काढायचाय? रेघा कोणीही छापील, आकडा मात्र तुमच्या नावावर हवा

काजूचा हंगाम सरत आला आणि कोकमं उन्हात पडली की फोंड्यातल्या आमच्या छापखान्यात एक मागणी हमखास येते. सत्तरीतून, सांग्यातून, काणकोणातून कुणी तरी आगळाची (कोकमाच्या रसाची) बाटली नाहीतर भाजलेल्या काजूचं पाकीट टेबलावर ठेवतं आणि म्हणतं, "लेबलावर एक बारकोड काढून द्या. सुपरमार्केटवाला त्याशिवाय माल घेत नाही."

हे ‘काढून द्या’ मोठं फसवं आहे. रेघा काढायला आम्हाला दोन मिनिटं लागतात. इंटरनेटवर तर फुकटात निघतात. कुठलेही आकडे टाका, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या हजर. पण त्या पट्ट्यांखाली जो तेरा अंकी क्रमांक असतो, तो कुणाच्या नावावर आहे? खरं काम तिथे आहे, आणि ते छापखान्यात होत नाही.

आकडा म्हणजे काय, रेघा म्हणजे काय

क्रमांकाला जीटीआयएन म्हणतात. जगभरात त्या एका मालाची ती ओळख. रेघांची जी रचना आपण बिस्किटाच्या पुड्यावर पाहतो तिचं नाव ईएएन-१३. आकडा हे नाव समजा, रेघा हे त्याचं यंत्राला वाचता येईल असं अक्षर. दुकानदार दोन्हींना सरसकट बारकोडच म्हणतो, तर म्हणू दे. अर्ज करणाऱ्याला फरक ठाऊक असला की पुरे.

८९०१२३४५६७८९० हा नमुना घ्या. यातले पहिले तीन अंक, ८९०, म्हणजे हा क्रमांक जीएस-वन इंडिया या संस्थेकडून दिला गेला आहे. एवढंच. माल भारतात बनला असा त्याचा अर्थ होत नाही. ‘पहिले तीन आकडे बघा आणि चिनी माल ओळखा’ असा निरोप व्हॉट्सॲपवर दर चवथीला फिरतो, तो खुशाल पुसून टाका. शंभर क्रमांकांचा संच घेतलेल्या उद्योगाला ८९० धरून दहा अंक ओळख म्हणून मिळतात. पुढचे दोन अंक, ०० ते ९९, आपल्या मालाला आपणच वाटायचे. तेरावा अंक तपासणीचा.

तो तेरावा अंक मला फार आवडतो. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी किती लागतात ते पाहा. वरच्या नमुन्यात बेरीज बरोबर १३० येते, म्हणून शेवटी ०. टंकताना ३४ च्या जागी ४३ झालं तर बेरीज १३२ होते, शेवटी ८ हवा होतो, आणि यंत्र ‘चूक’ म्हणून गप्प बसतं. आपल्या आजोबांच्या वहीतल्या ताळ्यासारखीच ही गोष्ट.

आणि हो, रेघांत किंमत नसते. वजन नसतं, मुदत नसते. स्कॅनर फक्त क्रमांक वाचतो. नाव आणि दर दुकानाच्या संगणकातून येतात. म्हणून दुकानातला दर बदलला तर नवा बारकोड लागत नाही. पण २५० ग्रॅमचं पाकीट आणि ५०० ग्रॅमचं पाकीट यांना दोन वेगळे क्रमांक लागतात. खारा काजू आणि मिरीचा काजू यांनाही. चवथीसाठी दोन्हींचा मिळून भेटीचा डबा केलात तर त्या डब्याला तिसरा. लेबलाचा नुसता रंग बदलला तर जुनाच चालतो.

अर्ज कोणी करायचा

ज्याच्या नावाचा ब्रँड, त्याने. काजू फोडून-भाजून दुसरा कोणी देत असेल, पाकिटात तिसरा भरत असेल, तरी पाकिटावर ज्याचा ब्रँड आहे त्यानेच क्रमांक घ्यायचा. एकट्याचा उद्योग, भागीदारी, कंपनी, सहकारी संस्था, ट्रस्ट, सगळ्यांना अर्ज करता येतो. कारखानाच पाहिजे असं नाही.

महिला बचतगटांना एक आग्रहाचं सांगणं. गटाच्या नावाचा पॅन आणि बँक खातं आधी करा, मगच अर्ज. ‘तूर्त अध्यक्षबाईंच्या नावावर घेऊ’ असं ठरतं, आणि अध्यक्ष बदलल्या की क्रमांक जुन्या बाईंच्या नावावर आणि माल गटाचा, अशी ओढाताण सुरू होते. नवे क्रमांक घ्या, लेबलं पुन्हा छापा. त्यात आमचा धंदा होतो हे खरं, पण असला धंदा नको वाटतो.

बारकोड कायद्याने सक्तीचा आहे का? साध्या खाद्यपदार्थाला नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, तक्रारीसाठी संपर्क हे सक्तीचं. बारकोड छापायला मुभा आहे. त्याची निकड पाडतात ती सुपरमार्केटं आणि ऑनलाइन बाजार. औषधांची गोष्ट निराळी: देशातल्या ठरावीक ३०० औषध-ब्रँडांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर बंधनकारक आहे, हे वेर्णे-कुंडईच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना माहीत असेलच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसून सोलं विकणाऱ्याने मात्र बारकोडवर एक पैसा घालू नये, असं माझं स्पष्ट मत.

आणखी एक गैरसमज. बारकोड हा दर्जाचा दाखला नव्हे. अन्नपदार्थासाठी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी किंवा परवाना वेगळा लागतो आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक लेबलावर वेगळा छापावा लागतो. एकाच्या बदली दुसरा चालत नाही.

कागद

अर्ज जीएस-वन इंडियाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. ही संस्था केंद्रीय वाणिज्य मंत्रालय आणि उद्योग-संघटनांनी मिळून उभी केलेली, मुख्यालय दिल्लीत. पणजीला खेप मारायची गरज नाही, दिल्लीला तर नाहीच. नेहमी लागणारे कागद असे: उद्योगाच्या लेटरहेडवर क्रमांक मागणारं विनंतीपत्र, पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, कॅन्सल केलेला चेक, उलाढाल दाखवणारा ताळेबंद, आणि उद्योग खरोखर आहे याचा पुरावा. भागीदारीला करारपत्र, कंपनीला नोंदणी प्रमाणपत्र, सहकारी संस्थेला तिचा नोंदणी दाखला. उद्योगाच्या प्रकाराप्रमाणे ही यादी थोडी कमीजास्त होते. ज्यांना जीएसटी नोंदणी लागूच होत नाही त्यांनी पैसे भरण्याआधी संस्थेच्या मदत कक्षाला विचारून घ्यावं.

गोव्यात अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावात. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘नाईक’, त्यात ‘के’च्या जागी ‘क्यू-यू-ई’. पॅनवर सरळ इंग्रजी वळणाचं. बँकेत वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं. एका घरात एकाच आडनावाची तीन स्पेलिंगं आपल्याला नवी नाहीत, पण दिल्लीत कागद तपासणाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटतात. पॅन, चेक आणि लेटरहेड या तिघांवर नाव अक्षर न् अक्षर जुळतं का ते पाहा. पत्त्यात वाडा, गाव, तालुका एकाच क्रमाने लिहा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर तीही उरकून घ्या. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि फुकट होते. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही.

पैसे आणि परतावा

शुल्क तीन गोष्टींवर ठरतं: वर्षाची उलाढाल, किती क्रमांक हवेत, आणि किती वर्षांसाठी. वर जीएसटी. क्रमांक विकत मिळत नाही, वापरायला मिळतो. मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. लोक इथेच चुकतात, एकदा भरलं म्हणजे जन्माचं झालं असं धरून चालतात.

सुरुवातीला हजार क्रमांक घेऊ नका. तुमच्याकडे तीन चवींचा काजू, दोन मापांचं आगळ आणि एक लोणचं असेल तर सहा क्रमांक लागतील. शंभरात आयुष्य निघतं.

सूक्ष्म आणि लघू उद्योगांना बारकोडच्या शुल्काचा काही भाग परत देण्याची तरतूद केंद्राच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेत राहिली आहे. टक्केवारी आणि अटी बदलत असतात, म्हणून मडगावच्या एमएसएमई कार्यालयात चालू नियम विचारा. परतावा म्हणजे आधी आपण भरायचे, मग मागायचे. तेव्हा पावती, क्रमांक दिल्याचं वाटपपत्र आणि उद्यम प्रमाणपत्र एका फाइलीत ठेवा.

ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत ‘तयार ईएएन’ विकणारे भेटतात. ते आकडे बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर असतात. स्कॅनर ते वाचतो, म्हणून माणूस फसतो. मोठ्या दुकानाने किंवा ऑनलाइन बाजाराने जीएस-वनच्या नोंदीत तो क्रमांक तपासला की तिथे तिसऱ्याचंच नाव येतं आणि तुमचा माल त्यांच्या यादीतून काढला जातो. ‘व्हेरिफाइड बाय जीएस-वन’ या पानावर कोणालाही क्रमांक तपासता येतो. विकत घेण्याआधी तिथे एकदा टाकून पाहा.

कागद मंजूर झाले की वाटपपत्र येतं. मग डेटाकार्ट या पोर्टलवर प्रत्येक मालाचं नाव, वजन, छायाचित्र भरायचं आणि तिथूनच रेघांचं चित्र उतरवून घ्यायचं. हे भरायचा कंटाळा करू नका. आकडा घेतला आणि नोंद रिकामी ठेवली तर तपासणाऱ्याला माल सापडत नाही.

छापताना

आता आमच्या हद्दीत आलो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला आगळाच्या बाटलीचं देखणं लेबल करून दिलं. पांढऱ्या कागदावर कोकमाच्या लाल रंगात सगळं, बारकोडसुद्धा त्याच लाल रंगात. डोळ्यांना सुरेख. दुकानात एकही बाटली वाचली जाईना. चूक आमची होती. स्कॅनरचा उजेड लाल असतो. लाल उजेडात लाल रेघ आणि पांढरा कागद सारखेच चमकतात, यंत्राला कोरा कागद दिसतो. काळी, गडद निळी, गडद हिरवी रेघ चालते. लाल, नारिंगी, सोनेरी चालत नाही. उलट लाल पार्श्वभूमीवर काळ्या रेघा मजेत वाचल्या जातात. ती सगळी लेबलं आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा छापली.

मापही ठरलेलं आहे. ईएएन-१३ चा मूळ आकार ३७.२९ गुणिले २५.९३ मिलीमीटर, ८० टक्क्यांपर्यंत लहान, २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता येतो. म्हणजे कमीत कमी तीन सेंटिमीटर रुंद जागा राखा. दोन्ही बाजूंची कोरी जागा या मापातच धरलेली आहे. ‘एवढी जागा फुकट जाते’ म्हणून तिथे देवाचं चित्र घालू नका; कुठे सुरुवात, कुठे शेवट हे यंत्राला त्या कोऱ्या जागेवरून कळतं. बाटली बारीक असेल तर बारकोड आडवा फिरवा, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आल्या पाहिजेत. उभ्या रेघा गोलाईवर वळून मागे लपतात. पारदर्शक बाटलीवर खाली पांढरी पट्टी द्या.

बाकीची नावं कानावर पडतात ती थोडक्यात. पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा जाड चौकटीतला तो आयटीएफ-१४, घाऊक मालासाठी. अक्षरं आणि आकडे दोन्ही सामावणारा कोड १२८, गोदामात आणि कुरिअरवर दिसतो. भाजीच्या पिशवीवर दुकानदार वजन करून जो २ ने सुरू होणारा स्टिकर लावतो, तो त्याच्या दुकानापुरताच. बाहेर त्याला अर्थ नाही. क्यूआर १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने काढला, त्यात मजकूर पुष्कळ मावतो. मासळीवालीच्या पाटीला टांगलेला क्यूआर पैसे घेण्याचा आहे, मालाचा नव्हे. दोन्ही एकाच लेबलावर छापून कृपया गोंधळ घालू नका.

स्वतःचा कवितासंग्रह छापणाऱ्या मंडळींनी तर जीएस-वनकडे जाऊच नये. पुस्तकाला आयएसबीएन लागतो. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, ९७८ ने सुरू होतो आणि त्याच तेरा अंकांचा बारकोड होतो. गोव्यात कवी पुष्कळ, म्हणून सांगितलं.

हजारो लेबलं छापायच्या आधी पाच-दहा नमुने काढून, खऱ्या बाटलीवर चिकटवून, ओळखीच्या दुकानातल्या स्कॅनरखाली धरून पाहा. मोबाइलने वाचलं म्हणजे झालं असं नाही, मोबाइल फोटो काढून वाचतो आणि लाल रेघाही त्याला दिसतात.

आणि एक वही घाला. ०० कुठला माल, ०१ कुठला, कधी दिला. बंद केलेल्या मालाचा क्रमांक दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून खोडायचं नाही, नुसतं ‘बंद’ लिहायचं. आमच्या त्या आगळवाल्या गिऱ्हाइकाच्या वहीत ०० समोर ‘आगळ ५०० मिली’ आहे, आणि शेजारी लाल पेनाने लिहिलंय: छापताना काळाच.