ऑडिओ इंटरफेसची जोडणी

ऑडिओ इंटरफेसची जोडणी : घरगुती ध्वनिमुद्रणात दोन किंवा अधिक ऑडिओ इंटरफेस एकाच मुद्रणासाठी एकत्र चालवण्याची पद्धत. माइकचा किंवा वाद्याचा विद्युत संकेत अंकांत बदलून संगणकाला देणारे, आणि संगणकातले अंक पुन्हा आवाजात आणणारे उपकरण म्हणजे ऑडिओ इंटरफेस. गावाकडे त्याला सरसकट ‘साउंड कार्ड’ म्हणतात. घरगुती वापरातल्या बहुतेक इंटरफेसला एक किंवा दोन माइक जोडता येतात. आठ माइकांचे उपकरण किमतीत बरेच वर जाते. म्हणून माइक कमी पडले की हाताशी असलेल्याला दुसरे जोडण्याचा विचार येतो.

विदर्भाच्या खेड्यांत तो लवकर येतो, कारण इथले गाणे एकट्याचे नसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावोगाव नेलेल्या खंजिरी भजनात मुख्य गायकाचा गळा, त्याच्याच हातातली खंजिरी, पेटी, तबला किंवा ढोलक, टाळ आणि मागे साथ धरणारी मंडळी असा मेळ असतो. अकोला जिल्ह्यातील सत्यपाल महाराज तर एकटेच सात खंजिऱ्या वाजवून कीर्तन करतात. पूर्वेकडे झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदियाच्या पट्ट्यात, दंडार आहे, खडी गंमत आहे, ही तिथली लोकनाट्ये, आणि गाण्यांवाचून उभे न राहणारे नाटक आहे. अशा मेळाचे मुद्रण दोन माइकांवरही होते, आणि खोली चांगली, माणसे नीट बसवलेली असली तर उत्तम होते. पण खंजिरी गळ्यावर चढली तर ती नंतर खाली आणता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाचा माइक आणि ट्रॅक, म्हणजे त्या माइकचे स्वतंत्र मुद्रण, वेगळा हवा. एका गावातल्या पोराकडे दोन माइकांचा इंटरफेस असतो, शेजारच्या गावातल्या दोस्ताकडे दुसरा असतो. दोन्ही एका लॅपटॉपला लावले की चार माइक झाले, असा सरळ हिशेब मांडला जातो.

हिशेब चुकतो तो घड्याळापाशी. इंटरफेस आवाजाचे नमुने ठरावीक वेगाने घेतो, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,०००. हा वेग आतला स्फटिक ठरवतो; तेच उपकरणाचे घड्याळ. दोन उपकरणांवर ४८,००० लिहिलेले असले तरी त्यांचे स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दर दहा लाखांमागे दहा-वीस नमुन्यांचा फरक ही साधी गोष्ट आहे. समजा तो वीसचा आहे. पाच मिनिटांच्या गाण्यात दोन ट्रॅक एकमेकांपासून ६ मिलिसेकंद सरकतील, तासाच्या भजनात ७२, आणि रात्री चार तास चाललेल्या कार्यक्रमात पाव सेकंदाहून जास्त. त्यात स्फटिकाची कंपने तापमानानुसारही किंचित बदलतात, त्यामुळे मे महिन्यातल्या खोलीत एक उपकरण कूलरसमोर आणि दुसरे लॅपटॉपच्या गरम हवेत असेल तर फरक सगळा वेळ एकाच दराने वाढेल असेही नाही.

मंडळात टाळ दोघांच्या हातात असले तरी लय एकाचीच चालते. दुसरा त्याच्याकडे पाहून टाळ मारतो. दोघे भिंतीच्या दोन बाजूंना बसले, तर कितीही पट्टीचे असोत, घटकाभरात सुटतात. जोडणीचे सगळे तंत्र ही भिंत काढण्याचे आहे.

६ मिलिसेकंद म्हणजे किती, हे कानाला वेगळ्या रूपात कळते. आवाज एका मिलिसेकंदात फूटभराहून थोडे अधिक अंतर जातो, तेव्हा ६ मिलिसेकंद म्हणजे माइक सुमारे दोन मीटर मागे नेल्यासारखे. एकच खंजिरी दोन माइकांत शिरली असेल आणि ते दोन माइक वेगळ्या उपकरणांवर असतील, तर दोन ट्रॅक मिसळताना काही स्वरकंपने एकमेकांना खोडतात. खंजिरीच्या चकत्यांचा लखलखीतपणा जातो, आवाज पिपात बसल्यासारखा पोकळ होतो. फरक ७२ मिलिसेकंदांवर गेला की एका थापेच्या दोन थापा ऐकू येतात. पुष्कळदा दोष माइकला किंवा खोलीला दिला जातो आणि माइक बदलण्यात पैसे जातात. ओळखायची खूण सोपी आहे. गाण्याच्या सुरुवातीला चांगले वाटणारे मिश्रण शेवटी बिघडले असेल, तर दोष घड्याळाचा. सुरुवातीपासूनच सारखा फरक असेल, तर तो दोन उपकरणांच्या आत लागणाऱ्या वेळातला ठरलेला फरक आहे. एक ट्रॅक तेवढा सरकवला की तो संपतो.

खरी जोडणी उपकरण ते उपकरण होते. काही इंटरफेसच्या मागे ‘ॲडॅट’ नावाचे चौकोनी छिद्र असते; ते आवाज बाहेर नेणारे असेल तर त्यातून लाल प्रकाश दिसतो. अलेसिस कंपनीने एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक मुद्रित करणारे यंत्र १९९१ मध्ये जाहीर केले, त्याच्यासाठी ही प्रकाशवाहिनी बनली. यंत्र मागे पडले, वाहिनी राहिली. एका तारेतून ४८,००० च्या वेगाने आठ ट्रॅक जातात, ९६,००० च्या वेगाने चार. आठ माइकांचा ॲडॅट प्रीॲम्प, म्हणजे माइकचा क्षीण संकेत वाढवून ॲडॅटमधून देणारे उपकरण, अशा इंटरफेसला जोडला की संगणकाला एकच उपकरण दिसते आणि घड्याळ त्याच तारेतून पोचते. एसपीडिफ ही दुसरी वाहिनी दोनच ट्रॅक नेते. तिच्या तांब्याच्या प्रकाराला ७५ ओहमची तार लागते, आणि जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर आलेली पिवळ्या टोकाची व्हिडिओ तार तिथे चालते; त्याच जुडग्यातल्या लाल-पांढऱ्या तारांचा भरवसा नाही. वर्ड क्लॉक ही तिसरी वाहिनी फक्त घड्याळ नेते, आवाज नाही, आणि ती महागड्या उपकरणांवरच आढळते. तिन्हींत नियम एकच : एकाच उपकरणाचे घड्याळ ‘इंटर्नल’, म्हणजे स्वतःचे, ठेवायचे, बाकीच्यांना त्या तारेवरून चालायला सांगायचे. दोन्ही ‘इंटर्नल’वर राहिली तर मध्येमध्ये टिकटिक, चरचर ऐकू येते. ही चूक इतकी सर्रास आहे की आवाजात टिकटिक आली की आधी हीच निवड तपासावी. ॲडॅटच्या छिद्राला टोपण असते, ते हरवू देऊ नये. कापूस आणि तुरीच्या हंगामात घरात जी धूळ असते ती प्रकाशाची वाट अडवते.

अशा वाहिन्या नसलेली दोन साधी यूएसबी उपकरणे असली तर काम संगणकावर पडते. मॅकमध्ये ‘ऑडिओ मिडी सेटअप’मधून दोन उपकरणांचे एक ‘ॲग्रिगेट डिव्हाइस’ बनवता येते. एकाचे घड्याळ मुख्य धरून दुसऱ्यापुढे ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करायची, म्हणजे संगणक दुसऱ्याचे नमुने पहिल्याच्या लयीत बसवत राहतो. लिनक्समध्ये आवाजाची ने-आण सांभाळणारे पाइपवायर हे सॉफ्टवेअर हे काम स्वतःहून करते, त्याऐवजी जॅक हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी झिटा-एजेब्रिज आहे. जुना लॅपटॉप असलेल्याने लिनक्सचा विचार जरूर करावा, पैसे लागत नाहीत. विंडोजवर अडचण जास्त. तिथे मुद्रणाचे काम स्टाइनबर्गच्या एसिओ पद्धतीने चालते आणि बहुतेक सॉफ्टवेअर एका वेळी एकच एसिओ ड्रायव्हर (उपकरणाची संगणकाशी गाठ घालणारा प्रोग्रॅम) घेते. एसिओ-फोर-ऑल दोन उपकरणे एका नावाखाली आणतो, पण त्यामुळे दोघांची घड्याळे एक झाली असे समजू नये. आरएमई, मोटू यांसारख्या काही कंपन्यांचा ड्रायव्हर आपलीच अनेक उपकरणे सांभाळतो. तरी घड्याळाची तार तिथेही लागते.

इतके ट्रॅक नेण्यास यूएसबीचा वेग पुरणार नाही, ही भीती मात्र निराधार आहे. २४ बिट, ४८,००० च्या एका ट्रॅकला सेकंदाला साडेअकरा लाख बिट लागतात, म्हणजे सोळा ट्रॅकला दोन कोटींच्या आत. यूएसबी २ ची क्षमता ४८ कोटींची आहे. कमी पडते ती वीज. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर मिळतात. दोन इंटरफेस एकाच साध्या हबवर, आणि दोन्हींवर कंडेन्सर माइकसाठी ४८ व्होल्ट चालू, अशा वेळी उपकरण मध्येच नाहीसे होते. दोन वेगळे पोर्ट वापरावेत, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा.

विजेचा विचार इथे आणखी एका कारणाने करावा लागतो. लाईन गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि त्याच्यावर पोसलेला इंटरफेसही चालतो. भिंतीतल्या सॉकेटवरचा ॲडॅट प्रीॲम्प बंद पडतो. मुख्य घड्याळ त्याच प्रीॲम्पचे असेल तर चालू उपकरणाचीही लय तुटते आणि हाती आलेले गाणे जाते. म्हणून मुख्य घड्याळ लॅपटॉपवर पोसलेल्या इंटरफेसचे ठेवावे. त्यासाठी इंटरफेसमधून प्रीॲम्पकडे जाणारी दुसरी तार लागते, आणि कित्येक लहान इंटरफेसमध्ये ॲडॅट आत येण्याचेच छिद्र असते, बाहेर जाण्याचे नसते. तसे असेल तर प्रीॲम्प यूपीएसवर टाकावा. शहरातल्या मार्गदर्शनात या मुद्द्याला फारशी जागा नसते. आठवड्याला किती वेळा लाईन जाते हे ज्याला ठाऊक आहे त्याने तो पहिला लक्षात घ्यावा.

दोन उपकरणे म्हटली की गुणगुणही येते. वेगवेगळ्या सॉकेटवरची यंत्रे तांब्याच्या तारांनी जोडली गेली की अर्थचे वेटोळे तयार होते आणि ५० हर्ट्झची घूं ट्रॅकमध्ये शिरते. सगळे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेणे, लॅपटॉपचा अडॅप्टर काढून पाहणे, आणि जमेल तिथे प्रकाशाची तार वापरणे हे त्यावरचे उपाय आहेत. प्रकाशाच्या तारेतून वीज जातच नाही. घूं जावी म्हणून प्लगची अर्थची पिन मोडण्याची सवय जिवावर बेतणारी आहे. ओठ माइकला लागतात, हात पेटीवर असतो. घराचे आर्थिंग कोरडे पडले असेल तर मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे, पिन मोडू नये. चौकोनी लहर देणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवरही चिरकी गुणगुण येते. तेवढ्या वेळापुरता लॅपटॉप बॅटरीवर ठेवावा.

उपकरणांमधली घड्याळाची तार आणि संगणकातली जोडणी हे दोन्ही उपाय नसले, म्हणजे दोन वेगळ्या संगणकांवर किंवा एक ट्रॅक मोबाइलवर मुद्रित झाला, तर टाळीचा मार्ग उरतो. सुरुवातीला सगळ्या माइकांना ऐकू जाईल अशी एक ठसठशीत टाळी वाजवायची, आणि शेवटी तशीच दुसरी. पहिल्या टाळीवर ट्रॅक जुळवले की दुसऱ्या टाळीत किती फरक पडला ते दिसते. तेवढा ट्रॅक ताणायचा किंवा आकसायचा. सुरात पडणारा फरक कानाला कळण्याच्या कितीतरी खाली असतो. शेवटची टाळी बहुतेक जण विसरतात, कारण भजन संपले की आरती आणि जयघोष सुरू होतो. ती विसरली तर शेवटच्या थापा पाहून हाताने जुळवत बसावे लागते.

माइकांची वाटणी करताना जे आवाज एकमेकांत मिसळतात ते एकाच उपकरणावर घ्यावेत. गायकाचा गळा आणि त्याच्याच हातातली खंजिरी कधीही दोन उपकरणांत विभागू नये. साथीची मंडळी आणि टाळ दुसरीकडे चालतात. सरकले तरी त्यांचे नुकसान कमी होते. हेडफोन मुख्य घड्याळाच्या इंटरफेसमधूनच द्यावा. आवाज एकमेकांच्या माइकांत कमी शिरावा यासाठी दिवाळीनंतरचे दिवस खेड्यात चांगले : भाव येईपर्यंत घरात साठवलेला कापूस आवाज शोषून घेतो, आणि त्या खोलीसारखी शांत खोली पैसे देऊनही लवकर मिळत नाही. मात्र एक्स्टेंशन बोर्ड आणि अडॅप्टर त्या खोलीबाहेर ठेवावेत. एका ठिणगीला वर्षाचे पीक जाते. भिंतीशी गाद्या आणि गोधड्या उभ्या केल्या तरी काम भागते.

चार माइकांसाठी दोन उपकरणे जोडण्यापेक्षा साउंड सर्व्हिसवाल्याचा जुना ॲनालॉग मिक्सर मागून आणावा, साथीचे आवाज त्यात एकत्र करून एका इनपुटवर घ्यावेत आणि दुसरे इनपुट गायकाला द्यावे, हा मार्ग कित्येकदा अधिक बरा ठरतो. त्यात साथीचा तोल मुद्रणाआधीच कानाने ठरवावा लागतो, नंतर बदलता येत नाही. पण घड्याळ एकच असते.